मेले किती आणि उरले किती?

फिनेलच्या बाटलीवर चिकटविलेला कागद सहसा कोणी वाचीत नाहीं. त्यावर कारखान्याचें नांव ठळक असतें, आणि खालीं बारीक टाइपांत पुष्कळदां 'आर. डब्ल्यू.' अशीं दोन अक्षरें व त्यांपुढें एक आंकडा असतो. रिडील आणि वॉकर या दोन गृहस्थांच्या नांवांचीं तीं आद्याक्षरें होत. आंकडा पांच असेल तर हें औषध कारबॉलिक ॲसिडाच्या पांचपट पातळ केलें तरी तितकेंच काम करील, असा त्याचा अर्थ. अर्थ सोपा आहे. परंतु हें 'काम' मोजावयाचें कसें, याचें उत्तर मिळण्यास दीडशें वर्षें लागलीं, आणि तें नीट मिळण्यापूर्वींच अशा औषधांच्या भरंवशावर मनुष्यांचीं घरेंदारें उघडीं पाडलीं गेलीं. पुण्यामुंबईच्या लोकांस हा अनुभव विशेष आला, म्हणून या शुष्क दिसणाऱ्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें धाडस करितों.

जंतु ठाऊक नव्हते तेव्हांही नासणें आणि कुजणें मनुष्यास ठाऊक होतेंच. ब्रिटिश सैन्याचा वैद्य जॉन प्रिंगल यानें १७५० च्या सुमारास मांसाचे लहान तुकडे निरनिराळ्या क्षारांच्या पाण्यांत घालून उबेंत ठेविले, आणि कोणता तुकडा किती वेळ कुजत नाहीं हें पाहिलें. साधें मीठ हें त्यानें एकक मानलें, आणि इतर पदार्थ मिठाच्या कितीपट बलवान् आहेत याचें कोष्टक तयार केलें. त्याच्या या प्रयोगांबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७५२ सालीं त्यास कोप्ली पदक दिलें. अमुक पदार्थाच्या अमुक पट ही भाषा, जी आज फिनेलच्या बाटलीवर दिसते, ती इतकी जुनी आहे. प्रिंगलजवळ यंत्र मात्र एकच होतें, तें म्हणजे त्याचें नाक.

नाकाचें हें राज्य पुढें शंभर वर्षें टिकलें. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरास असें आढळलें कीं, प्रेतें चिरून तसेच प्रसूतिगृहांत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांनीं सूतिकाज्वर पसरतो. १८४७ च्या मे महिन्यांत त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. हेंच द्रव्य कां निवडलें? तर हातांस लागलेली प्रेताची दुर्गंधि साबणानें जात नसे, ती या पाण्यानें जात असे, म्हणून. एप्रिलमध्यें त्या विभागांत शेंकडा अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जुलैमध्यें हें प्रमाण सव्वाच्या आंत आलें. जंतुनाशनाच्या परिणामाचा इतका स्वच्छ आंकडा त्यापूर्वीं कोणी मांडला नव्हता. परंतु त्या मोजमापाचें एकक एक मेलेली स्त्री हें होतें. अशा मापानें कोणतेंही औषध दुसऱ्याशीं ताडून पाहतां येत नाहीं, आणि पाहूंही नये. सेमेलवाइसच्या सहकाऱ्यांपैकीं अनेकांस हा आंकडाही पुरेसा वाटला नाहीं. ती कथा येथें सांगत नाहीं. पुष्कळांनीं ती सांगितली आहे.

जोसेफ लिस्टरनें १८६५ मध्यें कारबॉलिक ॲसिड जखमांवर वापरण्यास आरंभ केला तोही अशाच मार्गानें. कार्लाइल गांवीं गटारांच्या पाण्याची दुर्गंधि त्यानें जाते, असें त्याच्या ऐकण्यांत आलें होतें. शस्त्रक्रियेच्या वेळीं हवेंत कारबॉलिकचा फवारा उडविण्याची त्याची पद्धति जगभर गेली. डॉक्टरांचे हात सोलून निघाले, डोळे झोंबले. जखमा मात्र खरोखरच बऱ्या होऊं लागल्या. पण यांत यश कशाचें? फवाऱ्याचें, पट्टीचें, कीं धुतलेल्या हातांचें? हें वेगळें काढून पाहण्याची सोय नव्हती. १८९० सालीं बर्लिनच्या परिषदेंत लिस्टरनें स्वतः फवारा टाकून दिल्याचें सांगितलें आणि आपण तो कधीं सुचविला याचा खेद व्यक्त केला. वीस वर्षें जगानें हवा धुतली होती.

वेगळें काढून पाहण्याची ही सोय रॉबर्ट कॉखनें केली. १८८१ सालीं बर्लिनच्या सरकारी आरोग्य कचेरींतून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत जो प्रयोग आहे, तो इतका साधा आहे कीं, तो आधीं कोणास सुचला नाहीं याचेंच नवल वाटतें. काळपुळीच्या रोगाचे जंतु प्रतिकूल स्थितींत बीजाणूंचें रूप घेतात, आणि हे बीजाणु अतिशय चिवट असतात. कॉखनें रेशमी दोऱ्याचे तुकडे बीजाणूंच्या पाण्यांत भिजवून वाळविले. मग ते औषधांत बुडविले. ठराविक वेळानें एकेक काढून धुवून पोषक जिलेटिनवर ठेविला. दोऱ्याभोवतीं जंतूंची वाढ दिसली तर औषध निकामी. न दिसली तर उपयोगी. या कसोटीस लागतांच मोठमोठीं नांवें कोसळलीं. कारबॉलिक ॲसिड तेलांत किंवा अल्कोहोलांत मिसळलें तर बीजाणूंवर त्याचा कांहींच परिणाम होत नाहीं असें दिसलें. आणि लिस्टरच्या अनुयायांचें कारबॉलिक तेल तर दवाखान्यादवाखान्यांतून वापरलें जात होतें. कोरड्या गरम हवेनें बीजाणु मारावयास १४० अंशांवर तीन तास लागले; उकळत्या पाण्याची वाफ तेंच काम थोड्या वेळांत करी. सर्वांवर ताण केली ती पाऱ्याच्या परक्लोराइडानें. हजार भाग पाण्यांत एक भाग, इतक्या पातळ द्रवांत थोडा वेळ बुडलेल्या दोऱ्यावर कांहींही उगवलें नाहीं. तेव्हांपासून 'हजारांत एक' हा मंत्र झाला.

हा मंत्र खोटा होता असें नव्हे. तो अर्धा खरा होता, आणि अर्धें खरें अधिक फसवितें. १८८९ मध्यें युलियस गेपर्ट यानें शंका काढली कीं, धुतल्यावरही दोऱ्यास पाऱ्याचा किंचित् अंश चिकटून राहत असेल आणि त्यामुळें जिलेटिनवर बीजाणु मेलेले नसून नुसते गप्प बसत असतील. त्यानें अमोनियम सल्फाइड घालून तो पारा काळ्या सांक्याच्या रूपानें बाजूस काढला. पारा जातांच 'मेलेले' बीजाणु उगवूं लागले. जंतु मेला आणि जंतु वाढत नाहीं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें या एका प्रयोगानें कळलें. आणि जो जंतु तपासनिसाच्या भांड्यांत गप्प बसतो, तो मनुष्याच्या शरीरांत गप्प बसेलच असें नाहीं. माझ्या मतें या सगळ्या इतिहासांत गेपर्टचा प्रयोग सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याचें नांव मात्र सर्वांत कमी ऐकूं येतें.

आतां पुण्यामुंबईकडे वळूं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें, आणि गेपर्टच्या शंकेस सात वर्षें होऊन गेलीं असतांही नगराचें रक्षण 'हजारांत एक' या मंत्रावर सोंपविण्यांत आलें. प्लेगाचें विष जमिनींत, भिंतींत, कपड्यालत्त्यांत असतें अशी समजूत होती. तेव्हां तीं धुवावयाचीं, जाळावयाचीं, उकरावयाचीं हें ओघानेंच आलें. मुंबईचीं गटारें समुद्राच्या पाण्यानें व कारबॉलिकनें धुतलीं गेलीं. कौलें काढून घरांत ऊन घेतलें. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' हीं इंग्रजी अक्षरें रंगविलीं गेलीं. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथींच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या बळावर पुण्यांत रँडच्या कमिटीनें मार्चपासून मे महिन्यापर्यंत घरोघर गोरे शिपाई धाडून झडत्या घेतल्या. देवघरें व माजघरें यांचा मुलाहिजा राहिला नाहीं. त्याच मार्चच्या दहा तारखेस प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले निवर्तल्या. जूनच्या बावीस तारखेस गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलें तें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे.

या प्रकरणाचा राजकीय विचार पुष्कळ झाला आहे. मला येथें एवढेंच विचारावयाचें आहे कीं, ज्या धुलाईसाठीं इतका छळ झाला ती धुलाई उपयोगी पडली कीं नाहीं, हें कोणी कसें ठरविलें? रोगी हलविला, घरांतलीं माणसें छावणींत नेलीं, मग घर धुतलें, आणि त्या घरांत पुन्हां प्लेग झाला नाहीं; तर यांतलें श्रेय औषधाचें किती? शेजारचें एक न धुतलेलें घर तसेंच ठेवून तुलना केल्यावांचून हें कळणें शक्य नाहीं.

तुलना झाली, पण पुढें. १८९८ मध्यें पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस उंदरावरील पिसवांचा संशय सप्रयोग मांडला. त्यावर प्रथम फारसा कोणी विश्वास ठेविला नाहीं. १९०५ पासून प्लेग संशोधन कमिशनानें मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत काम सुरू केलें. त्याच्या उभारणीसाठीं लंडनच्या लिस्टर संस्थेचा संचालक चार्ल्स मार्टिन स्वतः येथें आला होता. या मंडळींनीं आपल्याकडच्यासारख्या जमिनी तयार केल्या, शेणानें सारवलेल्या आणि चुन्याच्या. त्यांवर प्लेगचे जंतु मुद्दाम टाकले. आणि त्या किती वेळ रोग देऊं शकतात हें गिनीपिगांवर पाहिलें. शेणानें सारवलेली जमीन अठ्ठेचाळीस तासांपलीकडे रोग देत नाहीं, आणि चुन्याची चोवीस तासांतच निरुपद्रवी होते, असा निर्णय निघाला. दुसऱ्या प्रयोगांत असेंही दिसलें कीं, पिसवा नसतील तर रोगी जनावराशेजारीं निरोगी जनावर दाटीवाटीनें राहिलें तरी त्यास प्लेग होत नाहीं. म्हणजे जें मारण्यासाठीं जमिनी उकरल्या तें दोन दिवसांत आपोआप मरत होतें, आणि ज्यानें रोग नेला ती पिसू उंदराबरोबर शेजारच्या घरांत निघून गेली होती. अशा जमिनीवर साधें पाणी शिंपडून दोन दिवसांनीं तपासलें असतें, तर पाण्यालाही शंभरांपैकीं शंभर गुण मिळाले असते!

कालाचा विनोद असा कीं, पुण्यांत हा प्रकार चालला होता त्याच १८९७ सालीं लायप्झिग येथें मोजणीची खरी विद्या जन्मास येत होती. क्रोनिग हा स्त्रीरोगांचा डॉक्टर आणि पाउल हा रसायनज्ञ, या दोघांनीं रेशमी दोरा टाकून दिला, कारण दोऱ्यांत द्रव मुरतो आणि धुतां येत नाहीं. त्याऐवजीं त्यांनीं गार्नेटचे, म्हणजे ज्यास आपण तामडा म्हणतों त्याचे, सारख्या आकाराचे बारीक खडे घेतले आणि त्यांवर बीजाणूंचा थर वाळविला. औषधांतून काढल्यावर गेपर्टच्या रीतीनें पारा काढून टाकला, खडे पाण्यांत हलवून बीजाणु सुटे केले, आणि मग 'उगवलें कीं नाहीं' एवढें न विचारतां 'किती उगवले' हें मोजलें. होय-नाहींच्या जागीं संख्या आली, हाच मोठा फरक.

या संख्यांतील नियम हॅरिएट चिक या विदुषीनें पुरता दाखविला. १९०५ सालीं ती लिस्टर संस्थेंत आली तेव्हां, स्त्रीस घेण्याचा मूर्खपणा करूं नये अशी विनवणी तेथील दोघांनीं संचालकांकडे केली होती. सुदैवानें ती मानली गेली नाहीं. १९०८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधाचें सार असें. समजा, एका पात्रांत दहा लक्ष जंतु आहेत आणि औषध पहिल्या मिनिटांत त्यांतील शेंकडा नव्वद मारतें. मग एक लक्ष उरतात. दुसऱ्या मिनिटांत ते सगळे मरतील असें आपणांस वाटतें, कारण पहिल्या मिनिटांत नऊ लक्ष मेले होते. तसें होत नाहीं. उरलेल्यांतले पुन्हां शेंकडा नव्वदच मरतात आणि दहा हजार उरतात. मग एक हजार, मग शंभर, मग दहा, आणि सहाव्या मिनिटाच्या शेवटीं एक. सातव्या मिनिटानंतर काय? हिशेबानें एक दशांश जंतु उरला. जंतूचा दशांश असत नाहीं. तेव्हां याचा अर्थ असा कीं, अशीं दहा पात्रें घेतलीं तर नऊ निर्जंतुक निघतील आणि एकांत एक जिवंत जंतु सांपडेल. म्हणजे शून्यापर्यंत आपण कधीं पोंचत नाहीं. संभव तेवढा लहान करीत जातों. प्रत्येक दशांशाच्या पायरीस आजचे लोक एक 'लॉग' म्हणतात, आणि जंतुनाशनाचा सगळा हिशेब या पायऱ्यांनीं करितात. शेजारीं गणिताचे विद्यार्थी असतील तर त्यांस हा आलेख काढावयास सांगावा. लॉगॅरिथमच्या कागदावर तो सरळ रेषा होतो.

या साध्या नियमांतून घरगुती उपयोगाच्या दोनतीन गोष्टी निघतात. 'शेंकडा ९९.९ जंतूंचा नाश' अशी जाहिरात आपण रोज पाहतों. तिचा अर्थ तीन पायऱ्या. दहा लक्षांतले त्यानंतर एक हजार उरतात, आणि उबेंत व ओलाव्यांत ते दर वीस मिनिटांस दुप्पट होऊं लागले तर दहा वेळां दुप्पट होऊन, म्हणजे सुमारें साडेतीन तासांच्या आंत, पुन्हां दहा लक्ष होतात. दुसरें, आरंभींच जंतु कमी असतील तर काम लवकर संपतें. भांडें आधीं घांसून धुतलें आणि दहा लक्षांचे हजार झाले, तर औषधाच्या तीन पायऱ्या फुकट मिळाल्या. आपल्या आजीबाई राखेनें भांडें घांसून मग उन्हांत पालथें घालीत, त्यांत हा क्रम बरोबर होता. तिसरी गोष्ट त्याच वर्षीं हर्बर्ट वॉटसननें दाखविली. औषध पातळ केलें तर वेळ किती वाढवावा लागतो, हें औषधाऔषधाप्रमाणें बदलतें. पाऱ्याच्या क्षाराचें प्रमाण निम्मे केलें तर वेळ सुमारें दुप्पट लागतो. कारबॉलिकचें निम्मे केलें तर दुप्पट नव्हे, चौसष्टपटींच्या घरांत जातो. काटकसरीनें पाणी ओतणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

रिडील आणि वॉकर यांची कसोटी यापूर्वींची, १९०३ सालची. ती व्यापाऱ्यांच्या सोयीची होती. विषमज्वराचे जंतु औषधाच्या निरनिराळ्या पातळ द्रवांत टाकावयाचे, दर अडीच मिनिटांनीं पंधरा मिनिटांपर्यंत नमुना काढावयाचा, आणि जेवढ्याच वेळांत कारबॉलिक जंतु मारतें तेवढ्याच वेळांत मारणारा द्रव किती पातळ आहे तें पाहून भागाकार करावयाचा. गोंधळलेल्या बाजारांत एक माप आलें, हा लाभ मोठा होता. परंतु यांतील पाणी शुद्ध होतें, आणि जगांतील गटार शुद्ध नसतें. मुंबईहून परतलेला मार्टिन आणि हॅरिएट चिक या दोघांनीं १९०८ मध्यें हीच कसोटी पाण्यांत वाळलेल्या विष्ठेची पूड मिसळून घेतली, तेव्हां कागदावरचे बलाढ्य वीर अशक्त झाले. विशेषतः पाऱ्याचें परक्लोराइड घाणींतील द्रव्यांशीं संयोग पावून जंतूंपर्यंत पोंचण्यापूर्वींच खर्ची पडतें असें दिसलें. शेणाच्या जमिनीवर 'हजारांत एक' शिंपडणाऱ्यांस ही बातमी अकरा वर्षें उशिरा पोंचली.

मोजणी न करण्याची किंमत कोणास द्यावी लागते याचें आणखी एक उदाहरण याच काळांतील आहे. १९०२ च्या ऑक्टोबरच्या तीस तारखेस पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं हाफकिन यांची प्लेगची लस टोंचलेल्या १०७ लोकांपैकीं एकाच बाटलीची लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें मेले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर व पर्यायानें हाफकिनवर ठेविला गेला आणि त्यांस पदावरून दूर व्हावें लागलें. पुढें उघड झालें कीं, बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतींत न धरतां कारबॉलिकच्या पाण्यांत नुसता बुचकळून पुन्हां वापरला होता. धनुर्वाताचे बीजाणु मातींत असतात, आणि बीजाणूंवर कारबॉलिक किती मंद चालतें तें कॉखनें एकवीस वर्षांपूर्वीं छापून ठेविलें होतें. १९०७ मध्यें हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्यें परळच्या संस्थेस त्यांचें नांव दिलें गेलें.

पाण्याच्या बाबतींत मात्र ही विद्या खेड्यापर्यंत उतरली. आग्र्यास काम करणाऱ्या हँकिननें विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा प्रघात पाडला. पाण्यास गुलाबी छटा टिकून राहिली म्हणजे घाणींत खर्चून कांहीं औषध उरलें, अशी ती खूण. हीच युक्ति पहिल्या महायुद्धांत सर विल्यम हॉरॉक्स यांनीं अधिक नेमकी केली. सहा पांढरे पेले, एक काळा पेला, दोन ग्रॅमचा चमचा आणि निळा रंग दाखविणारें एक औषध. अर्ध्या तासानें ज्या क्रमांकाच्या पेल्यांत निळा रंग प्रथम दिसतो, तितके चमचे ब्लीचिंग पावडर ४५५ लिटर पाण्यास लागते. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या ज्या माणसानें विहिरींत 'टीसीएल' टाकली असेल, त्यास 'ओ. टी.' चांचणीचा पिवळा रंगही ठाऊक असतो. ही मोजणी मेलेल्या जंतूंची नव्हे, उरलेल्या औषधाची. पण ज्या ठिकाणीं जंतु मोजतां येत नाहींत तेथें ती विश्वासू आहे.

विद्या उतरली म्हणून संवय सुटली असें नाहीं. २०२० सालीं कोविडच्या सांथींत गांवोगांव रस्त्यांवर, भिंतींवर, आणि कांहीं ठिकाणीं प्रत्यक्ष मनुष्यांवर हायपोक्लोराइटचे फवारे उडाले. परगांवाहून पायीं परतणाऱ्या मजुरांवरही उडाले. मनुष्यांवर असा फवारा मारूं नये, त्यानें अपायच होतो, असें केंद्रीय आरोग्य मंत्रालयास एप्रिलच्या अठरा तारखेस लिहून कळवावें लागलें. त्या वर्षीं लागू केलेला कायदाही १८९७ चाच होता.

रुग्णालयांत शस्त्रें वाफेच्या यंत्रांत घालतात तेव्हां आंत किती उष्णता झाली हें घड्याळासारखी तबकडी सांगते. तरीही नियमानें मधूनमधून त्या भांड्यांत कागदाची एक लहान पट्टी ठेवितात. तिच्यावर वाफेस सर्वांत चिवट असलेल्या जंतूचे मोजून लक्षावधि बीजाणु वाळविलेले असतात. कॉखच्या रेशमी दोऱ्याचीच ती पणती. यंत्र थंड झाल्यावर पट्टी पोषक द्रवांत सोडून पन्नास-साठ अंशांच्या उबेंत एकदोन दिवस ठेवितात. शेजारीं वाफेंत न गेलेली दुसरी पट्टी तशीच ठेवितात, कारण तिच्यावर कांहीं उगवलें नाहीं तर पहिलीच्या स्वच्छतेस अर्थ नाहीं. दुसरीचा द्रव गढूळ झाला आणि पहिलीचा निवळ राहिला, तर नोंदवहींत तशी सही होते. पहिलीचाही गढूळ झाला, तर त्या दिवशींची सर्व शस्त्रें परत मागवितात.